यंत्राचे मुखत्यारपत्र

'एजंट' म्हटले की माझ्या पिढीच्या माणसाच्या डोळ्यांपुढे पहिल्याप्रथम उभा राहतो तो विम्याचा एजंट. रविवारी दुपारी, नेमके पान वाढलेले असताना, 'सहज इकडून चाललो होतो' असे म्हणत दारात उभे राहणारे ते सद्गृहस्थ आपल्या मरणाची आपल्यापेक्षाही अधिक काळजी वाहत असत. त्यांच्या पाठोपाठ लायसनचा एजंट आला, जागेचा आला, काशीयात्रेचा आला. तेव्हा गेल्या वर्षी आमच्या भाच्याने जेवता जेवता, "मी आता एजंट तयार करतोय," असे जाहीर केले त्या वेळी माझ्या बहिणीच्या हातातली आमटीची पळी तशीच राहिली. ताईचा समज असा झाला की, पुण्याची कॉम्प्युटरची नोकरी सोडून पोरगा आता विमा विकणार, आणि त्यासाठी आणखी चारजणांना बिघडवणार!

तसे काही नव्हते. हा एजंट म्हणजे माणूस नव्हे, प्रोग्राम. तो नेमका काय करतो हे मी भाच्याकडून चार-पाच बैठकांत समजावून घेतले, आणि ज्या अर्थी मला समजले त्या अर्थी ते कोणालाही समजेल अशी माझी खात्री आहे.

गप्पा मारणारे यंत्र आता वाचकांच्या घरोघर पोचले आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि नातवंडांचे निबंध एकाएकी सुधारले. परंतु या यंत्राची एक अडचण होती. त्याला तोंड होते, हातपाय नव्हते. मक्याच्या भावाविषयी विचारा, ते मक्याच्या उत्पत्तीपासून व्याख्यान देईल. पण उठून बाजार समितीत जाऊन आजच्या पाटीवर काय लिहिले आहे ते बघून ये म्हटले, तर ते जागचे हलणार नाही. या तोंडाला हात बसवून दिले की त्याचा एजंट होतो.

हात म्हणजे छोटे छोटे प्रोग्राम. एक बाजारभाव आणतो, दुसरा खात्यावरची बाकी बघतो, तिसरा निरोप धाडतो. त्यांची एक यादी करून, प्रत्येकापुढे दोन ओळींचे वर्णन लिहून ती यंत्राला देतात. प्रश्न आला की यंत्र यादी वाचते आणि म्हणते, 'मला अमुक पाहिजे.' स्वतः ते काहीच करीत नाही, फक्त मागणी करते. बाहेरचा प्रोग्राम ते काम करून त्याचे उत्तर आणून पुढे ठेवतो. ते वाचून यंत्र पुन्हा विचार करते, पुन्हा मागते, असे काम होईतो फेरे. भाचा याला 'लूप' म्हणतो. मला मात्र ते ऐकताना आमच्या कोर्टातले एक जुने न्यायाधीश आठवले. साहेब खुर्चीवरून उठत नसत. "ती फाइल आणा." मी फाइल आणीत असे. ती वाचून, "आता तो जुना निकाल आणा." मी निकाल आणीत असे. दिवस मावळेपर्यंत माझे आणि शिपायाचे फेरे चालत, घाम आम्हांला येई, आणि निकालपत्राखाली सही मात्र साहेबांची.

आता हे सगळे शून्यापासून रचायचे म्हणजे फार खटाटोप. म्हणून मोठ्या कंपन्यांनी त्याची तयार सामग्री बाजारात आणली आहे. तिला 'सॉफ्टवेअर डेव्हलपमेंट किट' म्हणतात, थोडक्यात एसडीके. आमच्या सौभाग्यवतींना मी ते असे सांगितले की, ही चकलीची तयार भाजणी समज. डाळी भाजायचे, दळून आणायचे काम झालेले आहे. पाणी किती, मोहन किती आणि सोऱ्या कोणाच्या हातात, एवढेच आपले. त्यांनी लगेच विचारले, "मग चकली मऊ पडली तर दोष भाजणीचा की हाताचा?" पुढे जे घडले त्याचे सारे मर्म त्या प्रश्नात होते; पण ते ओघाने येईल.

ओपनएआयने अशी एक पेटी मार्च २०२५ मध्ये काढली, लगेच एप्रिलमध्ये गूगलने काढली, सप्टेंबरात अँथ्रॉपिकने आपल्या आधीच्या पेटीला नवे नाव देऊन ती एजंटांसाठी म्हणून पुढे आणली. त्याआधी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, याच अँथ्रॉपिकने यंत्राला निरनिराळी हत्यारे जोडण्याची एक सामाईक पद्धत जाहीर केली होती. कोणत्याही कंपनीचा दिवा कोणत्याही घरच्या खटक्यात बसावा, तशी. पेट्या फुकट मिळतात. पैसे पडतात ते पेटीमागच्या यंत्राला विचार करायला लावण्याचे, आणि ते मोजतात टोकनावर. टोकन म्हणजे शब्दाचा तुकडा. जुन्या वाचकांना तार आठवत असेल. जुलै २०१३ मध्ये ती बंद झाली, पण तोवर 'आई आजारी लवकर निघा' यात 'लवकर' हा शब्द घालावा की पैसे वाचवावेत हा विचार पोस्टाच्या खिडकीपाशी उभे राहून प्रत्येकाने केलेला आहे. टोकनाचे तसेच. त्यात मराठीला बरेच दिवस जादा दाम पडत असे, कारण या यंत्रांना आमची बाराखडी फार बारीक चिरूनच गिळता येई. मे २०२४ मध्ये ओपनएआयने आपले नवे यंत्र आणताना नमुन्याचा एक मजकूर देऊन दाखवले की, मराठीत पूर्वी त्याची ९६ टोकने होत, ती आता ३३ होतात. आमच्या भाच्याच्या धंद्याला बळ आले ते अशा हिशेबांनी.

(ज्या २०१७ सालच्या शोधनिबंधावर ही सगळी यंत्रे उभी आहेत त्याच्या आठ लेखकांमध्ये निकी परमार यांचे नाव आहे, आणि त्या पुण्याच्या पीआयसीटीत शिकलेल्या. पुण्यातल्याच एल-थ्री-क्यूब या गटाने २०२२ मध्ये महाबर्ट नावाचे खास मराठीचे मॉडेल काढले. हे एवढ्यासाठी सांगितले की, 'आपल्याकडे काय होतंय!' असे म्हणणारे एक शेजारी मला रोज फिरायला भेटतात.)

सरकारही मागे नाही. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने शेतीत कृत्रिम बुद्धिमत्ता आणण्याचे धोरण मंजूर केले, त्याला पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपये ठेवले. कृषी खात्याने त्याच वर्षी 'महाविस्तार' नावाचे ॲप आणले. शेतकऱ्याने मराठीत विचारावे आणि मराठीत सल्ला घ्यावा. नागपुरातल्या २३ पोलीस ठाण्यांत गुन्ह्याच्या तपासाला मदतनीस म्हणून असेच एक यंत्र बसले होते. ते राज्यातल्या ११०० ठाण्यांत न्यायचे, असे डिसेंबर २०२५ मध्ये मुंबईत जाहीर झाले. तेव्हा हा खेळ काही पोराटोरांचा राहिलेला नाही.

आमचा खेळ त्यामानाने लहान. दाजींचे, म्हणजे ताईच्या यजमानांचे, जाधववाडीच्या मोंढ्यात आडतीचे दुकान आहे. वडिलांच्या काळी ते जुन्या मोंढ्यात होते. शेतकऱ्याने माल आणायचा, आडत्याने तो लिलावात उभा करायचा, खरेदीदाराकडून पैसे घेऊन शेतकऱ्याला द्यायचे, मध्ये आपली आडत. फुलंब्री, सिल्लोड, कन्नड इकडचा मका या दुकानात येतो, बाजरी येते, थोडा कापूसही येई. आणि या दुकानाला एक मुनीमजी आहेत. एकेचाळीस वर्षे तीच गादी, तोच उतरता मेज, आणि त्यांच्या मागच्या भिंतीला त्यांच्या पाठीचा तेलकट ठसा. दुकानाचा रंग तीनदा बदलला. ठसा पुन्हा उमटला. सत्तरी उलटली, पण कोणत्या गावच्या कोणत्या पाटलाने पोरीच्या लग्नाला किती उचल घेतली होती हे वही न उघडता सांगतात.

भाच्याने कागदावर हिशेब मांडला होता. दिवसभरात दुकानाच्या व्हॉट्सॲपवर शंभरएक निरोप येतात: 'आज काय भाव?', 'माझी पट्टी झाली का?', 'उद्या मोंढा चालू आहे का?' त्यांना उत्तरे द्यायला एजंट बसवायचा, पुढे खाती त्याच्याकडे द्यायची, आणि मग... पुढचे वाक्य त्याने दाजींसमोर उच्चारले नाही, मला वर गच्चीवर सांगितले. "मामा, मुनीमकाकांच्या पगारात असे तीन एजंट बसतात. त्यांनाही आता विश्रांती नको का?"

विश्रांती या शब्दाचे असे सोईस्कर उपयोग मी कोर्टात फार पाहिले होते. मी एवढेच म्हटले, "त्यांना विचारलंस का?" विचारले नव्हते.

एजंट बसला. पहिले दोन आठवडे दुकानात कौतुकाला तोटा नव्हता. मुनीमजी चष्म्यावरून फोनकडे बघत आणि पुन्हा वहीत मान घालीत. एकदा तर मोठी गंमत झाली. एका शेतकऱ्याने विचारले, 'औरंगाबादला माल घेऊन येतो, उद्या मोंढा चालू आहे का?' एजंटाने अदबीने कळवले की, आमचे दुकान छत्रपती संभाजीनगर येथे आहे, तरी निघण्यापूर्वी अंतराची खात्री करून घ्यावी! बिचाऱ्याचे तरी काय चुकले? शहराचे नाव फेब्रुवारी २०२३ मध्ये बदलले, जिल्ह्याचे त्याच वर्षी सप्टेंबरात, रेल्वे स्थानकाचे ऑक्टोबर २०२५ मध्ये. यंत्राने वाचलेला निम्मा मजकूर एका नावाचा, निम्मा दुसऱ्या. आणि बोलताना माणसे तिसरेच, म्हणजे नुसते 'शहर', म्हणतात. भाच्याने सूचनेत एक ओळ वाढवली, प्रश्न मिटला.

मग तो सोमवार उजाडला.

मी त्या दिवशी दुकानावर होतो, तो केवळ ताईने पाठवलेला डबा द्यायला. फुलंब्रीकडचे एक गृहस्थ टेंपोतून वीस क्विंटल मका घेऊन आले. लिलाव झाला, बोली सतराशेवर थांबली. त्या आठवड्यात मक्याची अवस्था तीच होती. गृहस्थ पट्टी घ्यायला दुकानात आले, पट्टी बघितली, आणि न बोलता सदऱ्याच्या खिशातून फोन काढून दाजींपुढे धरला. आदल्या रात्री त्यांनी विचारले होते, 'मक्याचा काय भाव?' उत्तर आले होते: 'नमस्कार! मक्याचा भाव प्रति क्विंटल २४०० रुपये आहे. आपला माल घेऊन अवश्य यावे.'

"शेठ, वरती तुमच्याच दुकानाचं नाव आहे ना?" त्यांनी विचारले. आवाज चढवला नाही. घरी कोणाचे तरी औषधपाणी चालू असावे, कारण मध्येच, 'आम्ही चोवीसशे धरून दवाखान्यात हो म्हणून आलो,' असे ते पुटपुटले. टेंपोचे भाडे वेगळेच.

भाच्याचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "पप्पा, ते ऑटोमॅटिक उत्तर आहे. तसं खाली लिहायला पाहिजे होतं."

दाजी मुनीमजींकडे बघू लागले. अशा वेळी ते गेली तीस वर्षे तिकडेच बघतात. मुनीमजींनी लेखणी खाली ठेवली. "दुकानाच्या नावानं जो बोलला तो दुकानच बोलला, शेठ. पूर्वी आपला हमाल बोलून गेला होता तेव्हाही आपण भरलंच होतं." आणि त्यांनी गल्ला उघडला. सातशे रुपयांचा फरक, वीस क्विंटल, चौदा हजार. दुकानाच्या आडतीत असे चौदा हजार कमवायला किती मका तोलावा लागतो ते दाजींनाच ठाऊक. पण त्यांनी मान हलवली. गृहस्थांनी नोटा मोजल्या, नमस्कार केला, चहा नको म्हणाले आणि गेले.

संध्याकाळी शटर अर्धे ओढून चौकशी बसली. या पेट्यांमध्ये एक चांगली सोय असते. एजंटाने काय काय केले, कोणते हत्यार कधी मागितले, काय उत्तर मिळाले, याची क्रमवार नोंद राहते. भाच्याने ती लॅपटॉपवर उघडली. दाजी म्हणाले, मला यातलं काही कळत नाही. मुनीमजी मात्र खुर्ची ओढून जवळ बसले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "वाचा छोटे शेठ. ही तर रोजकीर्द आहे."

भाचा वाचू लागला. रविवार, रात्री आठ वाजून बारा मिनिटे, निरोप आला. एजंटाने बाजारभावाचे हत्यार मागितले. उत्तर रिकामे. मग शासकीय भावाचे हत्यार मागितले. उत्तर, मका, २४००. मग निरोप लिहून पाठवला.

"थांबा. बाजारभावापुढं काय आहे?"

"काही नाही, काका. रविवार होता, लिलाव नव्हता."

"तिथं कोरं असताना लेखणी पुढं गेलीच कशी?"

लॅपटॉपसमोर बसलेला माझा भाचा, ज्याच्या पगाराचा आकडा ऐकून ताई मीठमोहऱ्या उतरते, तो गप्प झाला. मुनीमजींनी कसलीही कुरघोडी न करता, पोराला उजळणी शिकवावी तसे सांगितले की, २४०० हा केंद्राने २०२५-२६ च्या हंगामाला ठरवलेला हमीभाव. तो मिळतो सरकारी खरेदी केंद्रावर, आधी नाव नोंदवून, मालातला ओलावा ठरल्या मापात असेल तर. मोंढ्यातला भाव निराळा. आणि तोही दुकान देत नाही, लिलाव देतो. "आपण भाव सांगणारे कोण? आपण काल काय झाला ते सांगायचं."

चूक तीन ठिकाणी होती असे मग निघाले. हत्यारांच्या यादीत दोन्ही हत्यारांपुढे 'पिकाचा भाव कळतो' एवढेच लिहिले होते. यंत्र ते वर्णन वाचूनच निवड करते, तेव्हा त्याने जे हाती लागले ते घेतले. बाजार बंद असेल तर 'आज लिलाव नाही, भाव सांगू नये' असे उत्तर यायला हवे होते, ते नुसते कोरे आले. आणि एजंटाच्या मूळ आज्ञापत्रात भाच्याने मोठ्या प्रेमाने एक वाक्य घातले होते: 'शेतकऱ्याला कधीही निराश करू नकोस.' आता ज्याला निराश करायची परवानगीच नाही, त्याने कोरी जागा भरून काढली तर नवल ते काय! भाजणी चांगली होती. सौभाग्यवतींचा प्रश्न मला तेव्हा आठवला.

रात्री मी घरी येऊन कपाटातले १८७२ सालचे करारविषयक कायद्याचे पुस्तक काढले. न्यायालयात कारकुनी करून मला कायदा आला असे नव्हे, पण कोणत्या पानावर आहे ते हाताला कळते. त्याच्या दहाव्या प्रकरणात, कलम १८२ पासून २३८ पर्यंत, एजंटाचाच विचार आहे. आमच्या बोलीत त्याला मुखत्यार म्हणायचे. मुखत्यारामार्फत केलेले करार मालकाने स्वतः केल्यासारखे त्याच्यावर बांधील होतात, असे कलम २२६ सांगते. मुनीमजींनी गल्ला उघडताना ते वाचले नव्हते. कलम १८४ आणखी मजेचे आहे. तिऱ्हाइताच्या दृष्टीने कोणीही मुखत्यार होऊ शकतो, अगदी अज्ञान मूलसुद्धा. फक्त ते मूल मालकाला जबाबदार धरता येत नाही. म्हणजे मूल बोलणार, मालक बांधला जाणार, आणि मुलाकडून भरपाई नाही! यंत्र हे कायद्याने व्यक्तीच नाही, तेव्हा त्याला मुखत्यार म्हणता येणार नाही हे मला कळते. पण ज्या कोणा इंग्रजाने हे कलम लिहिले, त्याने दीडशे वर्षांपूर्वी माझ्या भाच्याचे दुकान डोळ्यांपुढे ठेवले होते की काय, असे क्षणभर वाटले.

हा प्रश्न जगात इतरत्रही उभा राहिलेला आहे. कॅनडात एका प्रवाशाची आजी वारली. एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरच्या बोलक्या यंत्राने त्याला सांगितले की, तिकीट आता काढा, शोकप्रसंगाची सवलत नव्वद दिवसांत मागून घ्या. त्याने तसे केले. कंपनी म्हणाली, नियमात ते बसत नाही. प्रकरण न्यायाधिकरणापुढे गेले तेव्हा कंपनीने चक्क असा बचाव केला की, ते यंत्र ही एक स्वतंत्र हस्ती असून आपल्या बोलण्याला ते स्वतःच जबाबदार आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायाधिकरणाने हा बचाव फेटाळला आणि कंपनीला सुमारे ८१२ डॉलर भरायला लावले. एवढी मोठी विमान कंपनी, एवढे वकील. जे उत्तर मोंढ्यातल्या एका गादीवर अर्ध्या मिनिटात मिळाले ते त्यांना न्यायाधिकरणाकडून विकत घ्यावे लागले.

पुढच्या रविवारी भाचा लॅपटॉप घेऊन मुनीमजींच्या घरी गेला. सिडकोतली दोन खोल्यांची जागा, दारात तुळस. मीही सोबत गेलो, कारण मला राहवेना. दोन तास मुनीमजी सांगत होते आणि भाचा लिहीत होता. तारीख घातल्याशिवाय भाव सांगायचा नाही. माल बघितल्याशिवाय प्रत सांगायची नाही. कोणी 'तुमच्या शेठनी कबूल केलंय' म्हटले तर हो म्हणायचे नाही. (यावर भाचा म्हणाला, यालाच आमच्यात फार मोठा धोका समजतात; बाहेरून आलेल्या मजकुरातच कोणी हुकूम लपवून ठेवतो आणि यंत्र तो मालकाचा समजून पाळते. मुनीमजी म्हणाले, चिठ्ठी घेऊन येणारे आम्हालाही भेटलेत.) उचल मागणाऱ्याला नाही म्हणायचे नाही आणि हो पण म्हणायचे नाही, 'शेठशी बोला' म्हणायचे. कोणाच्या घरी मयत झाली असे कळले तर त्या दिवशी बाकीची आठवण पाठवायची नाही. या शेवटच्या नियमाशी भाच्याची बोटे थांबली. हे यंत्राला कसे कळणार? मुनीमजींनाही ते सांगता येईना. 'आम्हाला कसं कळतं ते आम्हाला कुठं ठाऊक आहे,' असे म्हणून त्यांनी सुपारी कातरायला घेतली. म्हणून बाकीच्या आठवणी धाडण्याचे काम एजंटाकडून काढूनच घेतले.

मी कायद्याचे पुस्तक बरोबर नेले होते. अडचण आली तर मुखत्याराने मालकाला गाठून त्याची आज्ञा घेतली पाहिजे, हे कलम २१४. मागाल तेव्हा हिशेब दाखवला पाहिजे, कलम २१३. ज्याच्यावर विश्वासून काम दिले त्याने ते परस्पर दुसऱ्यावर सोपवू नये, कलम १९०. भाच्याचा बेत तीन एजंटांचा होता. एक भावाचा, एक खात्याचा, एक गोड बोलणारा, आणि ते एकमेकांकडे काम ढकलणार. माझे वाचन ऐकून तो हसला, पण घरी येऊन त्याने तिघांचा एकच केला. "चूक शोधायला सोपं जातं," म्हणाला. कलमाचे श्रेय दिले नाही. तरुण मुलांकडून मी ते अपेक्षितही नाही.

आता अशी व्यवस्था आहे. साध्या चौकशीला, मोंढा चालू की बंद, काल लिलाव काय झाला, याला एजंट स्वतः उत्तर देतो, खाली तारखेसह. पैशाचा, उधारीचा किंवा 'या' म्हणण्याचा प्रश्न आला की तो उत्तराचा मसुदा करतो आणि थांबतो. मसुदा मुनीमजींच्या फोनवर जातो. त्यासाठी त्यांना नवा फोन घेतला. अक्षरे पावशेराच्या वजनाएवढी करून दिली. ते 'मंजूर' दाबतात, नाहीतर दुरुस्त करतात. पहिल्या संध्याकाळी चौदा मसुद्यांपैकी अकरा त्यांनी परत पाठवले. आकडे सगळे बरोबर होते. "मग काका?" तर म्हणे, "आपल्या दुकानातून 'प्रिय ग्राहक' असं कोणाला कधी गेलंय? हे कन्नडचे आहेत, यांच्या वडिलांपासून माल येतो. यांना 'राम राम पाटील' लिहायचं, आणि आधी पाऊसपाणी विचारायचं." भाच्याने ते परत पाठवलेले मसुदे आणि त्यांच्या दुरुस्त्या जपून ठेवल्या आहेत. नवा बदल केला की आधी त्या सगळ्यांवर एजंटाची परीक्षा घेतो. परवा एकवीसपैकी सतरा उतरले.

विश्रांतीचा विषय पुन्हा निघालेला नाही. दाजींनी मात्र एक गोष्ट स्पष्ट केली आहे. भाच्याच्या पेटीत पैसे परस्पर खात्यावर जमा करण्याचे हत्यारही तयार आहे. ते जोडले तर शेतकऱ्याला लिलावानंतर पाच मिनिटांत पैसे मिळतील, चेकसाठी थांबावे लागणार नाही, असे तो अजून अधूनमधून सांगतो. त्याचे म्हणणे खोटे नाही. पैशासाठी दुपारभर ओट्यावर बसून राहिलेली माणसे मी पाहिली आहेत. दाजी म्हणतात, वर्षभर बघू. तोवर चेकबुक मेजाच्या खणात, आणि खणाची किल्ली मुनीमजींच्या जानव्याला.